कानाची साक्ष

फाईल तीच, अ‍ॅम्प तोच, स्पीकर तेच. प्लेअरमधून आवाज बाहेर काढायची वाट तेवढी बदलली. एका वाटेने फैयाज खाँसाहेबांचा आवाज मोकळा येतो, दुसऱ्या वाटेने बंद बंद. असं खरंच होतं का? डिजिटल म्हणजे शेवटी आकडे आणि आकडा कुठल्याही वायरीतून आला तरी तोच, असं एक म्हणणं. कानाला जे स्पष्ट ऐकू येतंय ते आकड्यांच्या भरवशावर खोटं कसं ठरवायचं, हे दुसरं.

ही दोन्ही म्हणणी करजणला आमच्याच घरात नांदतात. पहिलं माझ्या थोरल्या भावाचं. रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात त्याची नोकरी झाली, त्यातली बरीचशी मियागाम-करजण जंक्शनच्या आसपास. दुसरं माझ्या मुलीचं. ती बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात गाणं शिकली आणि आता गावातल्या मुलांना शिकवते. इथे त्यांना मामा आणि भाची असंच म्हणते.

हा वाद छंदाचा वाटेल, पण आमच्याकडे तो शिकवणीचा आहे. करजणमध्ये शास्त्रीय संगीताची मैफल क्वचित. बडोदं तीस-पस्तीस किलोमीटरवर, पण आठवीतल्या मुलाला दर आठवड्याला तिथे कोण नेणार? ही मुलं खयाल ऐकतात तो फोनवर, टीव्हीवर, नाहीतर आमच्या दिवाणखान्यात. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या देखरेखीखाली बडोद्याची गायनशाळा सुरू केली, तेव्हा शिकणाऱ्याचा कान समोरच्या गळ्यावर तयार व्हायचा. आता तो बराचसा यंत्रावर तयार होतो. यंत्र जे देईल तेच मुलं खरं मानतात. म्हणून यंत्र काय देतं याची मला मनापासून काळजी वाटते, आणि म्हणूनच हा वाद मी लिहून ठेवला.

मामा: तुझं म्हणणं, कोॲक्सियलने गाणं मोकळं लागतं आणि ऑप्टिकलने बंद. दोन्हीतून जातं काय ते आधी बघ. सीडीच्या दर्जाची फाईल म्हणजे सेकंदाला ४४,१०० मापं, प्रत्येक माप १६ बिटांचं, डाव्याचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. सोनी आणि फिलिप्सने मिळून ठरवलेल्या एकाच पद्धतीने ती दोन्ही वायरींतून धावतात. एकीत तांब्यातून वीज, दुसरीत तंतूतून लाल उजेड. पलीकडे तेच आकडे उतरतात. मग मोकळं आणि बंद आलं कुठून?

भाची: मामा, पलीकडे तेच आकडे उतरतात हे तुम्ही पाहिलंत, की धरून चाललात?

मामा गप्प झाला. सिग्नलच्या माणसाला हा प्रश्न लागतो. दिवा हिरवा दिसला म्हणजे मार्ग लागला असं धरून चालायचं नाही, मार्ग लागल्याचा पुरावा हवा, हे त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं.

मामा: पाहिलं नाही. पण पाहता येईल. डीटीएसची एक फाईल लागेल.

ही युक्ती घरी कुणालाही करता येते, म्हणून जरा सविस्तर सांगते. सिनेमाच्या आवाजासाठी डीटीएस नावाची पद्धत आहे. त्या पद्धतीने बांधलेला आवाज साध्या सीडीच्या फाईलच्या वेषात ठेवता येतो. प्लेअरला ती नेहमीची फाईल वाटते आणि तो आकडे पुढे पाठवतो. आकडे जसेच्या तसे पोहोचले, तर पलीकडचा रिसीव्हर खूण ओळखतो, त्याच्या पाटीवर ‘डीटीएस’ अशी अक्षरं उमटतात आणि संगीत सुरू होतं. वाटेत कुणी आवाज किंचित कमी केला, इक्वलायझर लावला किंवा सेकंदाची मापं ४४,१०० वरून ४८,००० केली, तर खूण मोडते आणि स्पीकरमधून नुसती खरखर येते. फाईल लावण्याआधी आवाज बारीक ठेवायचा, कारण ही खरखर जोरदार असते.

कोॲक्सियलने लावली. अक्षरं उमटली. ऑप्टिकलने लावली. खरखर.

भाची: बघा!

मामा: थांब. ही ऑप्टिकल निघते कुठून?

ती निघत होती टीव्हीतून. प्लेअरचं चित्र आणि आवाज एचडीएमआयने टीव्हीत जात होतं आणि टीव्हीच्या मागच्या भोकातून ऑप्टिकल वायर रिसीव्हरकडे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू होता. जाहिराती अंगावर येऊ नयेत म्हणून ही सोय असते. मोठं ते लहान करायचं आणि लहान ते मोठं. ते बंद केलं तरी खरखर राहिलीच, कारण टीव्ही हाती येईल ते सगळं ४८,००० वर नेऊन मगच पुढे पाठवत होता. मग मामाने टीव्हीला बाजूला ठेवलं आणि प्लेअरच्या स्वतःच्या ऑप्टिकल भोकात वायर लावली. अक्षरं उमटली.

मामा: वायरीचा दोष नव्हता. मी म्हणत होतो तेच.

भाची: तुम्ही म्हणत होतात की फरकच नाही. मी काय सांगितलं होतं ते आठवा. खाँसाहेब थांबले की तानपुरा वर येतो, त्यांनी तान घेतली की तानपुरा मागे सरतो. असा तानपुरा कुणी वाजवत नाही. मला ‘ऑटो व्हॉल्यूम’ हे नाव माहीत नव्हतं, पण तो काय करतोय हे मी बरोबर सांगितलं होतं.

इथे मी पूर्णपणे मुलीच्या बाजूची आहे. तिने तक्रार केली होती ती ‘उबदार’, ‘कोरडं’ अशा शब्दांत नव्हती. आवाजात काय घडतं आणि कधी घडतं हे तिने नेमकं सांगितलं होतं. तानपुरा हा या कामातला फार कडक परीक्षक आहे. चार तारा, जवारीवरून घासत सुटलेले असंख्य उपस्वर, आणि बदल म्हणाल तर जवळजवळ नाहीच. जे बदलायला नको ते बदललं की सुराच्या कानाला लगेच कळतं. तिची चूक एवढीच, की काय झालं हे सांगून ती थांबली नाही. का झालं तेही कानावर विसंबून ठरवलं आणि वायरीवर आळ घेतला.

भाची: ठीक. पण आता दोन्ही वायरी थेट प्लेअरमधूनच येतायत, तरी मला कोॲक्सियल थोडी बरी वाटते.

मामा: आता आपण ते न बघता ऐकू.

न बघता ऐकण्याची पद्धत साधी आहे. एक वाट ‘अ’, दुसरी ‘ब’ आणि तिसरी ‘क्ष’, जी या दोघींपैकीच एक असते. ऐकणाऱ्याने ‘क्ष’ कोणती ते ओळखायचं. बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी मामाने दोन्ही वाटांचा आवाज सारखा करून घेतला, आणि या पायरीवर तो अडून बसला ते योग्यच होतं. एखादा आवाज अगदी थोडासा मोठा असला, तर ‘मोठा आहे’ असं आपल्याला जाणवत नाही. ‘चांगला आहे’ असं वाटतं. दुकानात दोन यंत्रं शेजारी शेजारी वाजवून दाखवतात तिथे निम्मी फसगत इथेच होते. फरक ०.१ डेसिबलच्या आत हवा, म्हणजे स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेजमध्ये जेमतेम एक टक्का. मामाने साधा मल्टिमीटर घेतला आणि २०० हर्ट्झचा सूर लावून मोजलं. स्वस्त मीटर उंच सुरांवर चुकतं, खालच्या सुरांवर बऱ्यापैकी बरोबर दाखवतं, म्हणून २००.

मामा: १० पैकी ७ बरोबर आले तर खूश होऊ नकोस. नुसत्या अंदाजाने तेवढे किंवा जास्त येण्याची शक्यता १७ टक्के असते. १६ पैकी १२ आले, तर ती ४ टक्क्यांच्या खाली जाते. मग मी मान्य करीन.

तिला ओळखता आलं नाही. उत्तरं नाणं उडवल्यासारखी पडली. ती नाराज झाली, पण गप्प बसली नाही, आणि तिचं पुढचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं.

भाची: मामा, तुमची परीक्षा मी मानते, पण ती कशाची परीक्षा आहे तेही बघा. दहा-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवून ‘ओळख’ म्हणायचं. राग असा कळतो का? विलंबित खयालात बसायलाच दहा मिनिटं जातात. कान सैल होतो, मग बारीक गोष्टी ऐकू येतात. तुमच्या परीक्षेत माझा कान घट्ट झालेला असतो.

मामा: मग दहा मिनिटं ऐक. एक अख्खा राग ऐक. आठवडाभर एकच वाट लावून ठेवतो, कुठली ते सांगत नाही, आठवड्याने सांग. डोळे झाकायचे एवढीच अट आहे, घड्याळाची अट मी कुठे घातली?

भाची: ही अट मान्य. पण शिकलेला कान आणि न शिकलेला कान एकत्र मोजून ‘माणसाला फरक कळत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी ५५४ वेळा ऐकवून पाहिलं. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण सरळ, आणि तेच सीडीच्या १६ बिट–४४,१०० च्या चाळणीतून काढून. बरोबर उत्तरं ४९.८ टक्के. तुम्ही तेच पुढे करता. पण २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी असे १८ प्रयोग एकत्र केले, साडेबारा हजारांवर उत्तरं. त्यात ५२.३ टक्के बरोबर आली, आणि आधी कान तयार करून घेतलेल्यांची त्याहून चांगली.

मामा: ५२.३! शंभरात दोन जास्त!

भाची: हो, दोनच. फरक बारीक आहे हे मी मान्य करते. तुम्ही ‘नाहीच’ म्हणता, ते मान्य करत नाही.

मला वाटतं, दोघांनी एकमेकांना दिलेलं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर होतं. पुढचा मुद्दा वेळेचा. डिजिटल आवाजात आकडा बरोबर असून भागत नाही, तो नेमक्या क्षणी वाजावा लागतो. क्षण मागेपुढे झाला की त्याला जिटर म्हणतात, आणि महागड्या वायरी विकणारे सगळे या शब्दाचा आधार घेतात.

मामा: जिटर खोटा नाही. पण केवढा ते बघ. १९९८ मध्ये डॉल्बीच्या बेंजामिन आणि गॅनन यांनी तपासलं. चाचणीचे शुद्ध सूर घेतले, तेही मुद्दाम सगळ्यात नाजूक जागा निवडून, तेव्हा दहा नॅनोसेकंदांच्या आसपास ऐकणाऱ्याला कळलं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. संगीत वाजवलं तेव्हा त्याहून जास्त लागला. २००५ मध्ये जपानमध्ये आशिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगीत घेऊन पाहिलं, तर कित्येक शे नॅनोसेकंद होईपर्यंत फरक कळेना. आकड्यांचा आवाज करतो तो डॅक, आणि आजचा बरा डॅक याच्या खूपच खाली असतो. तरी तुला शंका नको असेल, तर लॅपटॉपवरून यूएसबीने रिसीव्हरमधला डॅक लाव. ऑप्टिकल आणि कोॲक्सियलमध्ये पाठवणाऱ्याच्या घड्याळावर चालावं लागतं. असिंक्रोनस यूएसबीमध्ये डॅक स्वतःच्या घड्याळावर चालतो आणि पुढचा माल केव्हा हवा ते तोच मागून घेतो. पुढच्या स्टेशनने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सुटत नाही, तसं.

तसं लावलं. लॅपटॉप दुसऱ्या बोर्डावर, चार्जरला जोडलेला. भाचीने काळी एकचा तानपुरा लावला, नुसता तानपुरा, गाणं नाही. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली,

भाची: पंचमाच्या तारेखाली काहीतरी हलतंय. जवारीचं नाही. सेकंदाला चारेक ठोके.

मामाने आधी डीटीएसची फाईल लावून पाहिली. अक्षरं उमटली, म्हणजे आकड्यांत दोष नव्हता. मग त्याने अ‍ॅम्पचा आवाज वाढवून गाणं थांबवलं आणि कान स्पीकरला लावला. अगदी बारीक घूं होती. नंतर त्याने हिशेब मांडला आणि तो मला अजून थक्क करतो. आपली घरातली वीज ५० हर्ट्झची. तिची घूं बऱ्याचदा दुपटीत, १०० हर्ट्झवर, ऐकू येते. काळी एकच्या तानपुऱ्याची मंद्र पंचमाची तार साधारण १०४ वर. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाएवढी स्पंदनं सेकंदाला होतात. १०४ वजा १००, चार. माझ्या मुलीने कुठलंही मीटर न लावता ती मोजली होती.

मामा: हे माझ्या हिशेबात नव्हतं. तांब्याच्या वायरीतून आकडे जातात, पण आकड्यांबरोबर दोन यंत्रांची जमीनही जोडली जाते. चार्जरची गळती आणि दोन बोर्डांमधला फरक त्या वाटेने डॅकच्या ॲनालॉग भागात शिरला. आकडे शुद्ध पोहोचले आणि तरी आवाज बिघडला.

भाची: म्हणजे वायरीने फरक पडतो.

मामा: या वायरीने, या बोर्डावर पडतो. उजेडाच्या वायरीत वीजच नसते, म्हणून ऑप्टिकलने ही घूं येणार नाही. तुझ्या मते बंद असलेली ऑप्टिकल इथे सगळ्यात स्वच्छ.

लॅपटॉपचा चार्जर आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणल्यावर घूं जवळजवळ गेली. घराचं अर्थिंग तपासायचं काम त्या निमित्ताने झालं तेही बरं. कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. हे संगीतासाठी नाही, जिवासाठी.

या दिवसानंतर वादाचा सूर बदलला. भाचीने १९१६ चा विषय काढला.

भाची: मामा, हा वाद आपल्या बडोद्यात आधीच होऊन गेलाय. १९१६ च्या मार्चमध्ये तिथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढाकार भातखंड्यांचा, आश्रय सयाजीराव महाराजांचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे आयसीएस अधिकारी यांनी बावीस श्रुती गणिताने बसवल्या होत्या, तशी खास श्रुती-पेटी करून घेतली होती. ते म्हणाले, हे घ्या शास्त्रशुद्ध स्वर. भातखंडे आणि बरेच गवई म्हणाले, आमचं गाणं या पट्ट्यांत बसत नाही. यंत्र समोर होतं, आकडे समोर होते, आणि कानाने ते नाकारलं.

मामा: पण देवलांनी ती मापं घेतली कुणाच्या गाण्यावरून? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या. ज्यांच्या सुराबद्दल महाराष्ट्रात कुणाला शंका नाही, त्यांच्याच. मग तिथे यंत्राविरुद्ध कान असा सामना कुठे होता? एका कानाविरुद्ध दुसरे कान होते, यंत्र मध्ये उभं होतं.

मामाचं हे उत्तर मला त्या परिषदेबद्दलच्या बऱ्याच लेखनापेक्षा जास्त पटलं. माझ्या मते तिथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. सूर कुठे लागला, हा पहिला. तो मोजता येतो, देवलांनी कष्टाने मोजलाही. त्या रागात, त्या क्षणी, त्या गायकाने तो तिथेच लावायला हवा होता का, हा दुसरा. त्याचं उत्तर मापात नाही. ज्यांना पहिल्याचं उत्तर मिळालं ते दुसऱ्याचंही आपल्या हाती आलं असं समजले. ज्यांना दुसऱ्याचं उत्तर नको होतं त्यांनी पहिल्यावरच अविश्वास दाखवला. आज प्लेअरचं आउटपुट पारखताना आपण अगदी तेच करतो. आकडे शाबूत पोहोचले का, हे डीटीएसची पाटी सांगते. तिथे ‘मला तसं वाटतं’ याला जागा नाही. आवाज शाबूत असून ऐकणाऱ्याला मोकळा लागतो का, हे पाटी सांगत नाही, आणि तिथे मामाने कितीही आकडे मांडले तरी ते अपुरे. पहिल्या प्रश्नाला कान लावून आणि दुसऱ्याला मीटर लावून दोघंही पुष्कळ भांडले होते.

मुलांच्या पालकांना काय सांगायचं यावर मात्र वाद झाला नाही. ब्लूटूथवर गाणं पुन्हा एकदा दाबून पाठवलं जातं. आधीच दाबलेली एमपी३ असेल तर दुसऱ्यांदा दाबली जाते, आणि तबल्याची ‘ता’ बोथट होते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सगळं ४८,००० वर नेलं जातं, त्यात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते फोनमधल्या ‘साउंड एन्हान्समेंट’ने, ते बंद करावं. आउटपुट १६ बिटांचं असेल तर प्लेअरचा आवाज पूर्ण ठेवून अ‍ॅम्पवर कमी करावा, कारण प्लेअरमध्ये दर सहा डेसिबल कमी केले की एक बिट हातचा जातो. आणि पैसे असतील तर ते वायरीवर न घालता स्पीकरवर घालावेत. एवढं सांगून भाची थांबते. मामा खोलीतल्या पडद्यांबद्दलही बोलतो, पण तोवर पालक उठलेले असतात.

मग एक दिवस तिला १९३० च्या दशकातल्या एका तबकडीची फाईल मिळाली. २४ बिट, ९६,०००. ती हरखून गेली.

मामा: ९६,००० ची फाईल म्हणजे ४८,००० हर्ट्झपर्यंतचे सूर ठेवायची जागा. त्या काळच्या तबकडीत पाच-सहा हजारांच्या वर गाणं किती असणार? वर भरलंय ते लाखेचं घासणं. घासणं एवढ्या उंच दर्जाने ऐकून काय करणार?

भाची: गाण्यासाठी नाही, दुरुस्तीसाठी. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना जतनासाठी ९६,००० सुचवते ते याचमुळे. तबकडीवरचा टिचका अगदी क्षणाचा असतो. तो नीट टिपला, तर उद्या नेमका तेवढाच कापता येतो. ढोबळ टिपला, तर तो गाण्यात पसरतो आणि कापताना गाणंही जातं.

मामा: हे पटलं. म्हणजे जपायला ९६,०००, ऐकायला ४४,१०० पुरे.

भाची: ऐकायला आधी वेग बरोबर हवा. ही तबकडी उतरवणाऱ्याने ७८ फेऱ्या धरल्यात. मुद्रणाच्या वेळी ताट ८० ने फिरत असेल तर? गायक आहे त्यापेक्षा खाली ऐकू येतो. किती ते तुम्ही सांगा.

मामा: सा आणि कोमल रे यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या जवळजवळ निम्मं.

भाची: स्वरांची आपसातली नाती तीच राहतात, राग मोडत नाही. पण गळ्याचा पोत बदलतो, तबला संथ होतो, तानेचा दाणा जड होतो. माझी मुलं म्हणणार, खाँसाहेब असेच गात. ऑप्टिकल की कोॲक्सियल, यात आपण इतके दिवस घालवले, आणि इथे ताट चुकलं असेल तर कुठल्याच आउटपुटने ते सुधारणार नाही.

मामाला हा प्रश्न इतका आवडला की त्याने त्याच रात्री ती फाईल संगणकावर उघडली.

मामा: विजेची घूं शोधायची. ध्वनिमुद्रण खरं की बनावट ते तपासताना न्यायवैद्यक तज्ज्ञ पुरवठ्याची घूं बघतात. त्या स्टुडिओत विजेवरची यंत्रं असतील, तर या तबकडीतही ती कुठेतरी दबलेली असेल. ती ५० किंवा १०० वर बसेपर्यंत वेग बदलायचा. बसली की वेग सापडला.

भाची: आणि त्या शहरात तेव्हा डीसी असेल तर?

मामा: मग तिथे काय पुरवठा होता ते शोधावं लागेल.

भाची: तोवर मी याच गायकाची इतर मुद्रणं काढते. बहुतेक गायकांची पट्टी ठरलेली असते. सगळीकडे सा एका जागी येत असेल आणि इथेच खाली असेल, तर ताट चुकलंय.

मामा: ती मुद्रणंसुद्धा कुणीतरी ७८ धरूनच उतरवली असतील ना?

भाची: म्हणून तर घूंसुद्धा लागेल. तुम्ही तुमचा वेग काढा, मी माझा काढते. एकमेकांना आकडा सांगायचा नाही. आईकडे चिठ्ठीत लिहून द्यायचा.